गवंडी ते ठेकेदार : गावातला बांधकाम धंदा समजून घेऊ

इंदापूर तालुक्यातील डाळज हे गाव पुणे-सोलापूर महामार्गाच्या पट्ट्यात, उजनी जलाशयाच्या बाजूला आहे. अशा गावांत बांधकाम ठेकेदार म्हणजे मोठी कंपनी नसते. एक जाणता मिस्त्री, चार-पाच गवंडी-बिगारी, भाड्याचे सेंट्रिंग आणि उधारीवरचे सिमेंट-सळई, एवढ्यावर धंदा उभा राहतो. आपल्या वस्त्यांतील कितीतरी हात या कामात आहेत. तरीही अनेकांचे आयुष्य रोजंदारीवरच सरते. असे का होते?

पहिली अडचण भांडवलाची. रमाई आवास योजनेत ग्रामीण भागात साधारण क्षेत्रासाठी २६९ चौरस फुटांच्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये अनुदान मिळते. ते बांधकामाच्या टप्प्यानुसार हप्त्यांनी लाभार्थ्याच्या खात्यात येते. हप्ता लांबला की दुकानदार ठेकेदाराला धरतो आणि मजूरही त्याच्याच दारात येतो. म्हणून जोते, भिंती, स्लॅब अशा टप्प्यांचा दर ठरवून साधा का होईना, लेखी करार करावा. फक्त मजुरीचे काम आहे की साहित्यासह, हेही त्यात लिहावे.

दुसरी अडचण नोंदणीची. शासकीय कामे ठरावीक मर्यादेपर्यंत सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात ठरवून दिलेल्या प्रमाणात वाटली जातात. स्थापत्य पदविका किंवा पदवी घेतलेल्या तरुणांना पहिली वाट आहे, तर मजुरांना एकत्र येऊन दुसरी. उद्यम नोंदणी मोफत आहे. मात्र आपले नाव दुसऱ्याला वापरायला देऊ नका. नफा त्याचा होतो, पण काम निकृष्ट निघाले तर कागदावर जबाबदार आपणच असतो.

तिसरी गोष्ट मजुरांची. मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. त्यासाठी ठेकेदाराचा किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीचे ग्रामसेवक) दाखला लागतो. काल बिगारी असलेला आज ठेकेदार झाला, तर हा दाखला देण्यात त्याने टाळाटाळ करू नये.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकामही त्याच खात्यात येत होते. मजुराचा हक्क आणि कामाचा दर्जा एकत्रच पाहायचा असतो. वस्तीतल्या मिस्त्रीला कागदपत्रांत मदत करणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे. या आठवड्यात अशा एका मिस्त्रीची उद्यम नोंदणी करून द्या.