सुट्टीतले पाच दिवस

पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था. डॉ. जयंत नारळीकरांनी ती 1988 मध्ये उभारली. 1993 पासून तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुले येऊ लागली. पुण्यातल्या शाळांची ही मुले सोमवार ते शुक्रवार येतात. चार-सहा जणांचा गट एका संशोधकाकडे सोपवला जातो, पुढच्या आठवड्यात नवे गट. ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा तर नाहीच. आठवडा कसा वापरायचा ते मुले आणि मार्गदर्शक मिळून ठरवतात.

या मोकळिकीमागे नारळीकरांची एक सवय दिसते. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलाला ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. स्वाक्षरी मिळे ती उत्तराखाली. आधी प्रश्न मुलाने आणायचा, हा क्रम फार मोलाचा आहे. बहुतेक उन्हाळी वर्गांत तो उलटा असतो.

पुढे याच आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका आली. इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. अरविंद गुप्ता यांनी तिथे दशकभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. त्यांची जुनी युक्ती आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची. नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून चौकोन केला की तो बोट लावताच कलतो. त्रिकोण जागचा हलत नाही. तिरकी काडी टाकून चौकोनाचे दोन त्रिकोण केले की तोही ताठ उभा राहतो. पुलाच्या कैच्या अशाच का असतात, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

काड्या आणि व्हॉल्व्हट्यूब बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरच्या सायकल दुकानातही मिळतात. आठवडाभर वेळ देणारा संशोधक मात्र तिथे सहज मिळत नाही. बुलढाणा जिल्हा ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याचे मुख्य आवार बुलढाण्याहून खामगाव-अकोल्यामार्गे जवळपास 200 किमी. पुणे तर त्याच्या दुप्पट. आठवीतल्या मुलाने रोज जाऊन-येऊन करण्याजोगे हे अंतर नव्हे, आणि पाच दिवसांच्या मुक्कामाचा खर्च शेतकरी घराला पेलणेही अवघड. वऱ्हाडातला मे महिना वेगळाच. दुपारी पारा चाळिशीपलीकडे जातो, त्यामुळे मैदानी काम सकाळीच उरकावे लागते.

विषयांची वाण मात्र जिल्ह्यात नाही. लोणारचे 1.8 किमी व्यासाचे विवर उल्काघाताने बेसाल्टमध्ये कोरले गेले आहे. तळ्याचे पाणी इतके अल्कधर्मी की हळद लावलेला कागद त्यात लाल होतो.

एक प्रयोग मात्र भर दुपारीच करावा लागतो. 22-23 मेच्या सुमारास बुलढाण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या थोडे आधी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात त्याच दिवशी, तिथल्या मध्यान्हाला, मीटरभर काठीची सावली साधारण साडेतीन सेंटिमीटर पडते, म्हणजे किरण दोन अंशांनी कललेले असतात. दोन्ही गावांतले दक्षिणोत्तर अंतर सुमारे 220 किमी. पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांत असे दोन अंश 180 वेळा बसतात. 220 ला 180 ने गुणले की 39,600 किमी. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे 40,000 किमी आहे. एराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हीच रीत वापरली होती. त्यासाठी एक गट पुण्यात आणि एक बुलढाण्यात, एकाच दिवशी, आपापली काठी रोवून उभा हवा.