ताटाचा हिशेब कोणाच्या वहीत?

गेल्या महिन्यात विहारातली बैठक आटोपून आम्ही चार-पाच कार्यकर्ते कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका सोबत होते. त्यांनी खिशातून नवा मोबाईल काढला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीने पुण्याहून पाठवलाय. डॉक्टरने सांगितलंय, काय खाल्लं, किती चाललात ते लिहून ठेवा. पोरगी म्हणते ॲप टाका. शोधायला गेलो तर पन्नास निघाले. त्यातलं कोणतं घेऊ?"

एरवी काका मला वारस नोंदीचे विचारतात, पेन्शनच्या फरकाचे विचारतात. पण त्यांनी माणूस बरोबर गाठला होता. दीड वर्षापूर्वी माझ्या रक्ताच्या तपासणीत साखरेचा आकडा लाल शाईत आला. तेव्हापासून मीही या ॲपांच्या बाजारात हिंडतो आहे.

आपल्या चळवळीत शरीराकडे दुर्लक्ष करणे हा जणू त्यागाचाच भाग समजला जातो. मोर्चा असला की दुपारचे जेवण चुकते, रात्री अकराला स्टेशनबाहेर वडापाव होतो आणि मध्ये चहा किती झाले याची गणती नसते. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, एप्रिल १९४८ मध्ये डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांची प्रकृती कशी होती, हे आपण व्याख्यानात गहिवरून सांगतो. आणि व्याख्यान संपताच दोन चमचे साखरेचा चहा मागवतो!

मनमाडमध्ये हा प्रश्न अलीकडचा आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली इथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. त्या परिषदेला आलेल्या गँगमनला कोणी दिवसाची पावले मोजायला सांगितली असती तर तो हसला असता. रूळ तपासत मैलोनमैल चालणे हीच त्याची नोकरी होती. अन्न महामंडळाच्या इथल्या अवाढव्य गोदामात ज्यांनी पाठीवर पोती वाहिली, त्या हमालांनाही व्यायामाचे ॲप लागले नाही. त्यांचा प्रश्न पोट भरण्याचा होता. त्यांची मुले-नातवंडे शिकली, बँकेत, शाळेत, कचेरीत, कोर्टात बसू लागली. बसू लागली हे महत्त्वाचे. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहून राबलेल्या घरात एकाच पिढीत खुर्ची आली, स्वस्त तेल आले, पाकिटातले फरसाण आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. हा आजार आता शेटजींचा राहिलेला नाही, तो आपल्या वस्तीत आला आहे. म्हणून काकांच्या प्रश्नाला श्रीमंतांचे चोचले म्हणून हसणे मला परवडणारे नव्हते.

पहिले ॲप मी घेतले ते जाहिरात पाहून. नाव घेत नाही, कारण बहुतेकांची तीच तऱ्हा आहे. सकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला तो लिहायला गेलो. ॲपला 'रोटी' ठाऊक होती, बाजरीचीही होती, पण त्याची एक रोटी म्हणजे फुलक्यापेक्षा जराशी जाड. आमच्या घरची भाकरी हातावर थापलेली, ताटाच्या काठाला टेकणारी. ठेच्याला त्याने 'चटणी' ठरवले आणि त्यात खोबरे घातले. रविवारी वजडी झाली. इंग्रजी अक्षरांत 'वजडी' लिहिले तर त्याने मला वडापाव सुचवला! पुन्हा शोधले तेव्हा परदेशातला कुठला तरी डबाबंद पदार्थ पुढे केला. शेवटी संध्याकाळी त्याने सल्ला दिला की, मी बदाम, ओट्स आणि ॲव्होकॅडो खावे. मनमाडच्या बाजारात ॲव्होकॅडो विचारले तर भाजीवाला मला नाशिकची गाडी दाखवील.

हा विनोद वाटेल, पण त्यामागे एक जुनीच गोष्ट आहे. ताटात काय आहे हे ज्याने ठरवायचे, त्याला आपले ताट कधी दिसलेच नाही. पाककृतींची पुस्तके वर्षानुवर्षे ज्या स्वयंपाकघरांतून आली, त्याच स्वयंपाकघरांतून ॲपच्या याद्याही आल्या. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तिका काढली. तिच्या नावातच प्रश्न होता, हे ताट भारतीय नाही काय? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ पहिल्यांदा सविस्तर कागदावर आणले. ॲप बनवणाऱ्यांच्या टेबलावर यातले काही पोचलेले दिसत नाही.

मात्र एक गोष्ट इथे मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती मलाही उशिरा कळली. सरकारी शास्त्राला आपले ताट ठाऊक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत ५२८ पदार्थ आहेत. ज्वारी-बाजरी तर आहेच, पण बकऱ्याची वजडी, प्लीहा, फुफ्फुस, जीभ यांचीही प्रयोगशाळेत तपासलेली वेगवेगळी नोंद आहे. बैलाचे, डुकराचे मांसही त्यात आहे. शास्त्रज्ञाने कोणाचे सोवळे पाहिले नाही. याच संस्थेने 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' नावाचे ॲपही काढले. दिसायला ते खासगी ॲपांइतके चकचकीत नाही. पण आकडा कुठून आला हे ज्याला सांगता येते, त्याचा आकडा मी आधी धरतो. पुरावा तपासायची सवय लागलेल्या माणसाचा हा हट्ट समजा.

या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम बाजरीत साधारण साडेतीनशे कॅलरी असतात. एका भाकरीला पाऊणशे ग्रॅम पीठ लागते असे धरले तर भाकरी झाली दोनशे साठची. आमच्या घरी पीठ एकदाच काट्यावर मोजले, त्यानंतर मोजायची गरज उरली नाही. आता चहाकडे या. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, चाळीस कॅलरी. तारखेच्या दिवशी कोर्टात पक्षकार पाजतात ते आणि कार्यकर्ते पाजतात ते मिळून माझे सात चहा होत. म्हणजे नुसत्या साखरेचेच दोनशे ऐंशी, दूध वेगळे. मी भाकरी अर्धी करून स्वतःला शाबासकी देत होतो आणि दिवसाकाठी एका भाकरीहून जास्त साखर पीत होतो. शिवाय ही साखर रक्तात चढते ती भाकरीपेक्षा झपाट्याने. हा एक शोध लागला एवढ्यासाठी तरी लिहून ठेवण्याची विद्या मी मानतो. आठ दिवस प्रामाणिकपणे लिहा, चोर सापडतो.

चालण्याचे तसे नाही. सगळी ॲपे दहा हजार पावलांचा धोशा लावतात. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचे मोजमाप असा होता. २०१९ साली अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की, दिवसाला साडेचार हजारांच्या आसपास पावले चालणाऱ्यांनाही फायदा होतो आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नाही. तेव्हा काकांसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाने दहा हजार झाले नाहीत म्हणून कष्टी होऊ नये. आणि हे मोजणारे यंत्र फोनच्या हालचालीवर चालते. खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकल हाकली तर काही फोन तीही पावले धरतात. उलट घरातली बाई दिवसभर राबते तेव्हा तिचा फोन फळीवर असतो. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दिवस मनमाडकरांनी काढले आहेत. त्या दिवसांत पहाटे उठून ड्रम, हंडे, बादल्या भरणाऱ्या बायांची पावले कोणत्या ॲपने मोजली असती?

इथवरचा भाग कोणीही आहारतज्ज्ञ माझ्याहून चांगला सांगेल. पण काका मला वकील म्हणून ओळखतात, तेव्हा वकिलाला जे दिसले तेही सांगणे भाग आहे.

त्या पहिल्या ॲपने उघडताच माझ्याकडे फोनमधील संपर्कांची यादी मागितली, ठावठिकाणा मागितला. भाकरी मोजायला माझ्या पक्षकारांचे नंबर कशाला? घाईत मी 'मान्य' दाबले. साखरेचा आकडा भरला, त्यानंतर आठवडाभरात मधुमेहाचे औषध, तपासणी, विमा विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. दोन्हींचा संबंध मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही, हे कबूल करतो. पण मी ते ॲप त्याच दिवशी काढून टाकले. आणि ॲप काढले म्हणजे त्यांच्याकडची नोंद पुसली गेली असे नसते, ते खाते वेगळे बंद करावे लागते, हे बहुतेकांना माहीत नसते. 'मायफिटनेसपाल' या जगप्रसिद्ध ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे, ई-मेल व सांकेतिक स्वरूपातील पासवर्ड २०१८ साली चोरीला गेल्याचे त्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीनेच जाहीर केले होते. ही तर मोठी कंपनी.

आपल्या समाजाच्या बाबतीत मामला आणखी नाजूक आहे. रोजचे ताट लिहिणे म्हणजे जात लिहिणेच आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम खासगीपणाच्या हक्कावर बोट ठेवून रद्द केले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कोणी काय खावे हे राज्याने सांगू नये, हा विचारही त्या निकालात आला आहे. कायदा असा आपल्या बाजूने उभा असताना आपण स्वतःहून तारीख, वार, वेळ टाकून ताटाची नोंद परक्याच्या संगणकात करतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे रीतसर प्रमाणपत्रासह इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा होते, हे मी रोज पाहतो. कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. घर भाड्याने देताना 'नॉनव्हेज खाता का' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना अधिक फोड करून सांगायला नको.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या असे ठरले. त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. एक उणीवही आहे. २०११च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती, नव्या कायद्याने तो वेगळा वर्गच ठेवला नाही. आपला साखरेचा आकडा आणि आपला पिनकोड एकाच पंगतीला बसले.

पावले मोजणारे घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे यानेही फरक पडतो. गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे बांधली. तशीच चंदिगडलाही आली आणि तिथे कामगारांनी २०२० मध्ये विरोध केला. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेले की गैरहजेरी, पगाराला कात्री, लघवीला जायचीही धास्ती, अशा त्यांच्या तक्रारी आहेत. साहेब मनगटावरचे घड्याळ पाहून म्हणतो, आज मी आठ हजार पावले चाललो. झाडूवाल्या बाईचे घड्याळ साहेब पाहतो. झाडू मारणारे हात कोणत्या जातींचे असतात हे सांगायला नको. म्हणून कोणत्याही कार्यालयाने, कंपनीने, ठेकेदाराने 'आरोग्यासाठी' म्हणून ॲप किंवा घड्याळ दिले तर आधी लेखी विचारा, आकडा कोण पाहणार आणि पगाराशी, बढतीशी, विम्याशी त्याचा संबंध काय? आमच्या तरुण मुलांनी खासगी नोकरीत हे विचारायला लाजू नये.

काकांना मी टपरीवर एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो की, पावलांसाठी वेगळे काही टाकू नका, फोनमध्येच आलेली मोजणी असेल तर ती पुरे. खाण्याचे ॲप हवेच असेल तर टाकण्याआधी त्यात भाकरी, वजडी आणि सुकट शोधून पाहा. संपर्क आणि ठावठिकाणा मागितला तर नकार द्या, नकार दिल्यावर चालत नसेल ते काढा. पैसे भरायला सांगणारे तर महिनाभर हातच लावू नका. आणि पहिला महिना शंभर पानी वही वापरा. काका जरा नाराज झाले. पोरीने एवढा फोन पाठवला आणि वकिलाने वही सांगितली!

परवा ते वही घेऊन आले. पहिल्या पानावर वर तारीख, खाली शाळेतल्यासारख्या सुबक अक्षरात नोंद होती. सकाळी भाकरी एक, पिठले. दुपारी भाकरी दीड, मेथी. रात्री खिचडी. चालणे, स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन. सगळ्यात शेवटी चहा सहा, असे लिहून त्यावर काट मारली होती आणि बाजूला नऊ केले होते. मी विचारले, हे काय? म्हणाले, "बायकोने मोजले."