बाळे मोजणाऱ्या 13 संस्था: एकत्र कामाविषयीचे काही गैरसमज

महाराष्ट्रात दरवर्षी पावणेदोन लाख बालके मरतात, असे 2001 साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सांगितले आणि विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत खळबळ उडाली. सरकारदरबारी नोंदलेला आकडा याहून कितीतरी कमी होता. या अहवालामागे 13 स्वयंसेवी संस्था होत्या. संस्थांनी एकत्र यावे, असे व्यासपीठावरून सगळेच म्हणतात, पण एकत्र येणे म्हणजे नेमके काय, याविषयी घट्ट बसलेले समज या कामाच्या पुढच्या दहा वर्षांनी खोटे ठरवले.

गैरसमज: एकत्र यायचे तर आधी विचार जुळले पाहिजेत.

वस्तुस्थिती: विचारांपेक्षा मोजमाप जुळावे लागते. या 13 संस्थांपैकी कोणी आदिवासी पट्ट्यात काम करत होते, कोणी शेतीवाडीच्या गावांत, कोणी शहरी झोपडपट्टीत. कोणी आपले नाव किंवा कामाची पद्धत सोडली नाही. सगळ्यांनी मिळून ठरवले ते एवढेच: आपापल्या वस्त्यांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू एकाच रीतीने नोंदवायचा.

ऐकायला हे सोपे वाटते, पण तसे ते नाही. जन्मून तासाभरात गेलेले बाळ ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून सोडून दिले जाते. बाळंतीण माहेरी गेली तर तिचे मूल सासरच्या गावच्या यादीत येत नाही आणि माहेरच्याही येत नाही. हे एका संस्थेने मोजले, दुसरीने सोडले, तर दोघींचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ उरत नाही. व्याख्या आणि नोंदीची पद्धत एक झाली, म्हणूनच एकेकट्या संस्थेचे गाऱ्हाणे राज्याचा प्रश्न बनले. त्यानंतर सरकारने, या संस्थांपैकी गडचिरोलीच्या ‘सर्च’चे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली. सहकार्याची बैठक उद्दिष्टांच्या चर्चेत संपवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

गैरसमज: एका ठिकाणी यशस्वी झालेला प्रयोग दुसरीकडे नेला की काम झाले.

वस्तुस्थिती: गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, मिनिटभर श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि इंजेक्शन देणे ही कामे ती करू लागली. हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

त्यावरचा आक्षेप ठरलेला होता: तिथे बंग आहेत म्हणून जमले. त्याला उत्तर दिले ‘अंकुर’ प्रकल्पाने. 2001 ते 2005 या काळात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात हीच सेवा दिली. प्रशिक्षण आणि नोंदींची पद्धत ‘सर्च’ची, पण बाई निवडणे, तिच्यावर देखरेख ठेवणे, घरातल्या सासूची समजूत काढणे हे सगळे स्थानिक संस्थेचे. तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. माझ्या मते या सबंध कहाणीत सर्वांत मोलाचे पाऊल हेच आहे. मूळ संस्थेने सात ठिकाणी शाखा काढल्या असत्या, तर आक्षेप तसाच राहिला असता.

गैरसमज: संस्थांनी सरकारपासून लांब राहावे, किंवा काम एकदा सरकारकडे सोपवले की आपण मोकळे.

वस्तुस्थिती: दोन्ही टोके चूक. ज्या संस्थांनी सरकारचे आकडे खोडले, त्यांचेच काम पुढे सरकारने उचलले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने ही सेवा देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे दिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जाते. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. कोणतीही संस्था, कितीही देणग्या जमवून, एवढ्या घरांत पोहोचली नसती.

मात्र लाखो कार्यकर्त्यांत काम पसरले की ते पातळ होते. भेट कागदावर होते, वजनकाटा बिघडलेला असतो, प्रशिक्षण आटोपते घेतले जाते. हे दाखवून द्यायला बाहेरून मोजणारे कोणीतरी लागतेच, आणि ते संस्थांचे काम आहे.

गैरसमज: निधी असला की बदल टिकतो.

वस्तुस्थिती: निधीला मुदत असते. गावातली शिकलेली बाई गावातच राहते.

महाराष्ट्रातला अर्भक मृत्यूदर 2000 साली हजारी 48 होता, 2020 मध्ये तो 16 वर आला. याचे श्रेय एकट्या या कामाला देता येणार नाही. दवाखान्यातली बाळंतपणे, लसीकरण, रस्ते, मुलींचे शिक्षण या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण घरात शिरून बाळ हातात घेणारी शेवटची व्यक्ती आशाताईच आहे, आणि एका बाळाच्या या सगळ्या भेटींसाठी 2011 मध्ये तिचा मोबदला ठरला तो 250 रुपये. संस्थांना आता पुन्हा एकत्र यायचे असेल, तर तिला पुरेसे पैसे वेळेवर मिळावेत, या मागणीसाठी त्यांनी यावे.