अठ्ठावीस-तीनचा तास

2024मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा. त्या वाचल्यापासून प्रत्यक्ष वर्गात काय घडतं ते पाहायचं होतं. सुरतेतल्या एका ख्रिस्ती शाळेनं नववीच्या नीतिशिक्षणाच्या तासाला बसू दिलं.

बाई मूळच्या नगरकडच्या. जिना चढताना म्हणाल्या, "आमचं सगळं अठ्ठावीस-तीनवर चालतं." म्हणजे संविधानाचं कलम 28(3): सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण.

हजेरी झाली, धडा वाचून झाला. मग एका मुलानं विचारलं, "टीचर, धर्म बदलला तर पोलीस पकडतात?"

बाईंनी खडू ठेवला. एकेक बोट रुमालानं सावकाश पुसलं. सगळा वर्ग त्यांच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहत होता. गुजरातच्या 2003च्या कायद्यात काय आहे तेवढंच त्यांनी सांगितलं: जबरदस्तीनं, आमिषानं किंवा फसवून केलेलं धर्मांतर गुन्हा आहे.

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"ते मी इथं सांगणार नाही. तुमच्यावर कुणी बळजबरी केली तर कसं वाटतं, ते तुम्ही सांगा."

पोरं भराभर बोलायला लागली. नावडती शिकवणी, कापून टाकलेले केस. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "ताईचं लग्न ठरवलंय. ती सोळाची आहे."

"हे चूक आहे," बाई लगेच म्हणाल्या. "अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. मधल्या सुट्टीत मला भेट."

याच सुरतेत 1844मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि आपले दादोबा पांडुरंग या शिक्षकांनी इतर काहींच्या साथीनं मानवधर्म सभा काढली आणि जातिभेदाविरुद्ध चारचौघांत मतं मांडली. आज त्याच शहरात एका शिक्षिकेला शब्द तोलून-मापून बोलावं लागतं, याचं मला वाईट वाटलं. मुलाला खरं उत्तर हवं होतं आणि त्याला ते मिळायला हवं होतं.

शिक्षकखोलीत बाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "धर्मावर मी काहीही बोलले तरी ते क्रूसाच्या नावावर जातं. पोरांवर माझा क्रूस नको. अठ्ठावीस-तीन नसतं तरी मी हेच केलं असतं. पण पोरीच्या वयाचं तसं नाही."

आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं: आधी आईला बोलवायचं, नाही ऐकलं तर 1098, मुलांची हेल्पलाइन.