स्पीड टेस्टमध्ये ९५, आणि अमेरिकेला फाइल जाते अडीचने? प्लॅन वाढवण्याआधी हे वाचा



परदेशातल्या क्लायंटसाठी व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी ड्रॉइंग, फोटो रिटचिंग करून देणारे आपल्याकडे आता बरेच जण आहेत. काम होतं पुण्या-नाशकात, फाइल जाते न्यू जर्सीला. आणि तिथेच गाडी अडते. लाइन १०० एमबीपीएसची, स्पीड टेस्ट ९५ दाखवते, पण ४० जीबीचा व्हिडिओ पाठवायला लावला की काटा अडीचच्या पुढे सरकत नाही. मग डोक्यात पहिला विचार येतो, ‘प्लॅन वाढवू या.’ थांबा. पैसे भरण्याआधी थोडा हिशेब करू.

१०० एमबीपीएसमधले ‘एमबी’ हे मेगाबिट असतात, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. म्हणून आठाने भागायचं. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, आणि ४० जीबी साधारण तासाभरात जायला हवेत. (तुमच्या प्लॅनमध्ये अपलोडचा वेग कमी दिलेला नाही ना, तेही बघून घ्या. आपल्याला अपलोडच लागतो.)

मग अडतं कुठे? समजा, इचलकरंजीहून तुमचं कापड दिल्लीच्या पार्टीला जातं. पार्टीची अट अशी की एक टेम्पो पोचला, सही-शिक्क्याचं चलन तुमच्या हातात परत आलं, की मगच दुसरा टेम्पो सोडायचा. आता सरकारने हायवे सहा पदरी केला काय आणि दहा पदरी केला काय, तुमचा माल वाढेल का? रस्ता रिकामाच राहणार. वेळ जातोय तो चलनाची वाट बघण्यात.

इंटरनेटवर टीसीपी नावाची पद्धत असंच करते. थोडा डेटा पाठवते, ‘मिळाला’ अशी पोच येण्याची वाट बघते. पोच न घेता एका वेळी जेवढा डेटा सोडता येतो त्याला ‘विंडो’ म्हणतात. मूळ टीसीपीत ती जास्तीत जास्त ६४ केबी होती. ती वाढवण्याची सोय १९९२ मध्येच आली आणि आजच्या कॉम्प्युटरमध्ये ती चालूच असते. पण जुनं एफटीपी सॉफ्टवेअर, जुना फाइल सर्व्हर किंवा मधला एखादा फायरवॉल अजूनही त्या छोट्या मापात अडकवू शकतो.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तरी मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन, केबलचे वळसे धरून, २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतातच. आपण २२० धरू. ६४ केबी भागिले ०.२२ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २९० केबी. हाच तो अडीचच्या आतला आकडा! या वेगाने ४० जीबीला सुमारे ३८ तास लागतात. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली फाइल रविवारी सकाळी पोचणार. आणि ३०० चा प्लॅन घेतलात तरी ३८ तासच, कारण या हिशेबात प्लॅन कुठे आलाच नाही.

स्पीड टेस्ट खोटं बोलत नाही बरं का. ती जवळच्या शहरातला सर्व्हर पकडते आणि बहुतेक वेळा एकदम अनेक कनेक्शन उघडते. दिल्लीऐवजी शेजारच्या गल्लीत दहा टेम्पो सोडल्यासारखं.

आता तपासायचं कसं? वायफाय बंद करा, केबल लावा. ज्या सर्व्हरवर फाइल जाते त्याला शंभरेक वेळा पिंग करा. वेळ किती मिलिसेकंद आणि किती टक्के पॅकेट हरवले, दोन्ही लिहून ठेवा. (काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा १०० टक्के लॉस दिसला तर घाबरू नका.) लांबच्या लाइनवर हजारात एक पॅकेट हरवलं तरी वेग चांगलाच कोसळू शकतो, कारण पॅकेट हरवलं की टीसीपी पाय मागे घेते आणि पुन्हा वेग धरायला तिला लांबच्या पोचपावत्यांची वाट बघावी लागते. जवळच्या सर्व्हरवर तेवढाच लॉस जाणवतही नाही.

मग खरी परीक्षा. एका फाइलऐवजी चार-पाच मोठ्या फाइल एकदम पाठवा. फाइलझिलामध्ये एका वेळच्या ट्रान्सफरची संख्या १० पर्यंत वाढवता येते. एकूण वेग चार-पाच पट झाला, तर तुमची लाइन ठणठणीत आहे, अडचण अंतराची आणि विंडोची आहे. उपायही तोच: मोठी फाइल तुकड्यांत, अनेक कनेक्शनवरून पाठवणारं सॉफ्टवेअर वापरा. वेग अजिबात वाढला नाही, तर मात्र लाइन, राउटर किंवा क्लायंटच्या बाजूचं नेट बघायला हवं.

फोटोवाल्यांसाठी वेगळं सांगतो. पाच हजार छोट्या फाइल सुट्या पाठवल्या तर प्रत्येक फाइलमागे वेगळ्या फेऱ्या होतात. आधी झिप करा. जेपीईजीचा आकार फारसा कमी होणार नाही, पण फेऱ्या वाचतील.

लॉस दिसला तर प्रोव्हायडरला ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. त्यावर ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर येतं. केबलवर घेतलेला पिंगचा निकाल, तारीख-वेळेसह, सकाळचा एक आणि रात्री नऊचा एक, लेखी पाठवा. आणि पुढच्या कोटेशनमध्ये डिलिव्हरीची वेळ टाकताना स्पीड टेस्टचा आकडा धरू नका. एक जीबीची फाइल त्याच क्लायंटच्या सर्व्हरवर पाठवून बघा, लागलेल्या मिनिटांना फाइलच्या जीबीने गुणा, आणि वर थोडा वेळ राखून ठेवा.