अफूची ओळख : रंगापासून पुराव्यापर्यंत

उर्दूतील ‘अफ्यून’ हा शब्द अरबीतून आला. त्याचे मूळ रस या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. आपल्या मध्य प्रदेशात मंदसौर व नीमच जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच येथे अल्कलॉइड काढण्याचा शासकीय कारखाना आहे. हाच पदार्थ बेकायदा बाजारात भुकटीच्या रूपाने सापडला, तर प्रयोगशाळा त्याची ओळख कशी पटवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिली पायरी रंगाची. तीव्र सल्फ्युरिक आम्लात फॉर्मल्डिहाइड मिसळून ‘मार्क्विस’ द्रावण करतात. मॉर्फिन किंवा हेरॉइनवर त्याचा थेंब पडताच जांभळा रंग येतो. कच्च्या अफूत मेकॉनिक आम्ल असते. फेरिक क्लोराइडने ते लाल होते. परंतु इतर काही औषधेही या द्रावणांना रंग देतात. म्हणून रंगाने केवळ संशय निर्माण होतो, सिद्धता होत नाही.

दुसरी पायरी थिन लेअर क्रोमॅटोग्राफीची. लेप दिलेल्या पट्टीवर नमुना आणि शुद्ध मॉर्फिन शेजारी शेजारी ठेवून द्रावक वर चढू देतात. घटक आपापल्या उंचीवर थांबतात. त्यानंतर गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या जोडयंत्रात घटक वेगळे होतात, त्यांच्या रेणूंचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांच्या नक्षीवरून पदार्थाचे नाव निश्चित होते.

भेसळीत पॅरासिटामॉल, कॅफीन, साखर, पिष्ट इत्यादी पदार्थ आढळतात. पॅरासिटामॉल व कॅफीन हेच यंत्र दाखवते. पिष्ट मात्र आयोडीनच्या थेंबाने निळे होऊन ओळखू येते.

हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार हेरॉइनचे ५ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि २५० ग्रॅमपेक्षा अधिक प्रमाण ‘व्यापारी’ ठरते. व्यापारी प्रमाणास किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. ३०० ग्रॅम भुकटीत १२ ग्रॅमच हेरॉइन असेल तर? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशच मोजावा असे म्हटले होते. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केले. आता भेसळीसह संपूर्ण वजन धरले जाते.

म्हणजे भेसळीने शिक्षा कमी होत नाही. अशा वेळी भुकटीत हेरॉइन खरोखर आहे काय, या एका उत्तरावर माणसाची दहा वर्षे अवलंबून असतात. ते उत्तर केवळ जांभळ्या थेंबावर सोडता येणार नाही.