हवेतील मुळांचे कार्य आणि सोलापूरची कोरडवाहू फळबाग

सोलापूर जिल्ह्यात पावसाची वार्षिक सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर आहे आणि तोही पाऊस बेभरवशाचा. डाळिंब आणि बोर यांनी या जिल्ह्याच्या फळबागांना नाव मिळवून दिले. त्यांच्या जोडीला अलीकडच्या काळात ड्रॅगन फ्रूट हे नवे पीक आले आहे. हा मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वेलवर्गीय निवडुंग होय. त्याचे तीन धारांचे मांसल खोड सिमेंटच्या खांबावर चढू लागले, की जमिनीपासून दोन-तीन हात उंचीवर खोडाच्या अंगातून तपकिरी, दोरीसारखी मुळे बाहेर येतात. जमिनीखाली असावयाची मुळे अधांतरी फुटलेली पाहून नवखा बागायतदार गोंधळतो. कोणी तो रोग समजून ती छाटून टाकतो, तर कोणी ‘हे झाड हवेतूनच पाणी पिते’ असे मानून ठिबकाचे पाणी तोडतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी अधिक महाग पडते.

बीजातून निघणाऱ्या मूळ अंकुराखेरीज खोड, फांदी वा पान यांपासून फुटणाऱ्या मुळांना वनस्पतिशास्त्रात आगंतुक मुळे म्हणतात. ती हवेत वाढू लागली म्हणजे वायवी मुळे झाली. गावकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. वडाची पारंबी हे तिचे सर्वांत परिचित रूप. लिंबावर चढलेल्या गुळवेलीच्या सुतासारख्या लोंबत्या मुळ्या हे दुसरे. गुळवेलीचा तुकडा तोडून टांगला तरी तो बरेच दिवस हिरवा राहतो व ओलावा मिळताच मुळे सोडतो. आयुर्वेदाने तिला ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली असता पुन्हा रुजणारी, असे नाव दिले ते उगाच नव्हे.

ड्रॅगन फ्रूटचा वेल आपल्या मायदेशी जंगलात झाडांवर आणि खडकांवर चढतो. तेथे वायवी मुळे दोन कामे करतात. पहिले, आधाराला घट्ट बिलगणे. दुसरे, सालीच्या फटींत साठलेला पालापाचोळा आणि पावसाचे पाणी यांतून ओलावा व अन्नांश घेणे. खालचे खोड कुजून जमिनीशी संबंध तुटला तरी वरचा वेल या मुळांच्या बळावर जगू शकतो. मात्र दमट अरण्यात जे साधते ते सोलापूरच्या वैशाखात साधत नाही. पारा ४० अंशांच्या वर गेलेला, हवा कोरडी, सिमेंटचा खांब तापलेला. अशा वेळी या मुळांना शोषून घेण्यासारखे फारसे काही उरत नाही. ती सुकतात, टोके काळपट होतात. हा रोग नव्हे. पण वेलाची तहान त्या काळात जमिनीतील मुळांनाच भागवावी लागते आणि ती मुळे बहुतांशी वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात.

हे पीक पाण्याची बचत करते ते वेगळ्या मार्गाने. त्याच्या खोडावरील सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री गारव्यात उघडतात, त्यामुळे बाष्पाचा अपव्यय कमी होतो. काटकसर करणारे झाड म्हणजे बिनपाण्याचे झाड नव्हे.

खांबाचे महत्त्वही येथेच ध्यानात येते. २०२१-२२ मध्ये राज्यात एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून या लागवडीला साहाय्य सुरू झाले, तेव्हा हेक्टरी ४ लाख रुपये खर्च धरून त्याच्या ४० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये अनुदान ठरले होते. यात खांबांचा वाटा मोठा असतो. दर खांबाला साधारणपणे चार रोपे लावतात. खांब खरबरीत असेल तर मुळे चटकन धरतात, गुळगुळीत असेल तर घसरतात. मुळे धरेपर्यंत वेल सुतळीने सैल बांधावा. तारेने बांधल्यास ती मांसल खोडात रुतते. खांबाला चिकटलेली मुळे कधीही ओढून काढू नयेत. फळांनी लगडलेल्या वेलाचे ओझे पेलण्यास त्यांचीच मदत होते. वरच्या कड्यावरून खाली लोंबणाऱ्या फांद्यांची निराधार मुळे मात्र कोरड्या हवेत, स्वच्छ कात्रीने छाटली तरी बिघडत नाही.

काळ्या भारी जमिनीत आणखी एक खूण पाहावी. खोडाला एकाएकी पुष्कळ वायवी मुळे फुटली आणि वेल पिवळा पडू लागला, तर बुंध्याची माती बाजूला करून पाहावे. पाणी साचून खालची मुळे कुजत असल्यास झाड वरच्या बाजूने नवी वाट शोधत असते. अशा जमिनीत गादीवाफ्यावर लागवड करणे इष्ट.

कचेरीतील किंवा शाळेच्या व्हरांड्यातील कुंड्यांनाही हाच न्याय लागू पडतो. मनी प्लँटच्या पेरांवरील मुळे आधार शोधत असतात. काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवून ती ओलसर ठेवली, की ती तिला धरतात व पाने मोठी होतात. जेडसारख्या मांसल रोपाच्या खोडाला बारीक गुलाबी मुळ्या फुटल्या, तर अनेकदा कुंडीतील माती पुरेशी भिजत नसते. रोज शिंपडण्याऐवजी माती सुकल्यावर भरपूर पाणी द्यावे. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी पानफुटीचे एक पान ओल्या मातीवर ठेवले तरी पुरे. थोड्याच दिवसांत त्याच्या कडेच्या खाचांतून मुळ्यांसह इवली रोपे उभी राहतात.

आता पारंबीविषयी. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचा मुख्य बुंधा बुरशीने पोखरला म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावा लागला. वृक्ष मेला नाही. जमिनीला टेकून खांब बनलेल्या पारंब्यांवर तो आजही विस्तारत आहे. आपल्याकडे मात्र गावच्या पारावर पारंब्या डोक्याला लागतात म्हणून कापतात आणि खालची जमीन फरशीने बंद करतात. मग जी पारंबी वाचते तिलाही रुजायला माती मिळत नाही. पाराचे नवे काम मंजूर करताना आडव्या मोठ्या फांद्यांखाली हातभर रुंदीची मातीची वर्तुळे मोकळी सोडणे पंचायतीला विनाखर्च जमण्याजोगे आहे. तेलंगणातील महबूबनगरच्या पिल्ललमर्री वडावर २०१८ मध्ये वाळवीमुळे उपचार करावे लागले, तेव्हा कोवळ्या पारंब्या नळ्यांतून जमिनीकडे नेण्यात आल्या. माती भरलेला पोकळ बांबू हेच काम करतो. पारंबी जमिनीत शिरेपर्यंत तो ओला ठेवावा लागतो एवढेच.